कोल्हापूरची बातमी, डोंगरीचा तुरुंग

बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला बसले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते, म्हणून कोल्हापुरात ही गोष्ट अभिमानानं सांगतात, आणि सांगायलाच हवी. मला मात्र त्या चौकात, सबजेलच्या भिंतीजवळ थांबलं की फुल्यांची दुसरीच गोष्ट आठवते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय असं छापल्याबद्दल दोन तरुण संपादकांवर खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनाची सोय पुण्यात फुल्यांनी केली होती. ते संपादक म्हणजे टिळक आणि आगरकर. साल १८८२.

बातमीदारानं बड्या माणसाचं प्रकरण बाहेर काढलं की त्याच्यामागं नोटिसा, खटले, दमदाटी लागते. जिल्ह्यात असं काही घडलं की दोन दिवस चर्चा होते, निषेधाचं निवेदन कलेक्टर कचेरीत जातं, आणि सगळं आजच पहिल्यांदा घडल्यासारखं आपण बोलतो. म्हणून जरा मागून, थेट दरबारापासून सुरुवात करतो.

३० नोव्हेंबर १८७० ला कोल्हापूरचे राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्सला वारले. पोटी वारस नव्हता. १८७१ मध्ये आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव शिवाजी ठेवलं. राजा अज्ञान, त्यामुळे सत्ता राहिली इंग्रज पोलिटिकल एजंटाकडे आणि कारभाऱ्याकडे. कारभारी होते रावबहादूर माधवराव बर्वे. राजा वयात येऊ लागला तसं त्याचं डोकं ठिकाणावर नाही, हे बोलणं सुरू झालं. त्याला पहाऱ्यात ठेवलं गेलं. त्याच्याजवळ असणाऱ्यांत ग्रीन नावाचा एक गोरा सोल्जर होता. महाराजांना मारहाण होते, त्यांना मुद्दाम वेडं ठरवलं जातंय, अशी कुजबुज कोल्हापुरातून पुण्याला पोचली.

पुण्यात जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले होते. दोन्ही पत्रांनी हा विषय लावून धरला. पुढं त्यांच्या हाती काही पत्रं आली. ती बर्व्यांनी लिहिलेली आहेत आणि त्यांत महाराजांना अपाय करण्याचा बेत दिसतो, असं सांगून ती देण्यात आली होती. त्या पत्रांवर विसंबून मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली.

इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचा सांगाडा इथंच तयार झाला. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा लॉर्ड रिपननं १८८२ मध्ये रद्द केला. म्हणजे एका हातानं सरकार वर्तमानपत्रांना मोकळीक देत होतं. पण १८६० च्या दंडसंहितेत अब्रुनुकसानीचं कलम होतंच. सरकारला स्वतः पुढं यायची गरज पडली नाही. फिर्यादी झाला कारभारी, व्यक्ती म्हणून. राजद्रोहाचा खटला असता तर लोकांनी त्याला सरकारची दडपशाही म्हटलं असतं. ही फिर्याद वरकरणी एका गृहस्थाच्या अब्रूची होती.

खटला मुंबईत चालला. पत्रं बनावट असल्याचं उघड झालं. संपादकांनी माफी मागितली, ती पुरली नाही. १७ जुलै १८८२ ला दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघेही पंचविशीतले. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस सहा दिवसांवर होता, तो त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढला.

खटला सुरू असताना दहा हजार रुपयांच्या जामिनाचा प्रश्न आला, तेव्हा फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे पुढं आले. फुल्यांचं आणि या दोघांचं सामाजिक प्रश्नांवर किती पटत होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तरी ते उभे राहिले. मला हा तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो. आज एखाद्या बातमीदारावर केस झाली की दुसऱ्या पेपरचे लोक आधी त्याचा पक्ष कुठला, जात कुठली ते बघतात.

२६ ऑक्टोबर १८८२ ला दोघे सुटले. आगरकरांनी पुढं 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिलं. आपल्या पाठ्यपुस्तकांतून प्रकरण इथं संपतं: अटक, शिक्षा, सुटका, मिरवणूक. कोल्हापूरच्या बाजूनं बघितलं तर ते इथं संपत नाही. २५ डिसेंबर १८८३ ला, नगरच्या किल्ल्यात, त्याच ग्रीनबरोबरच्या झटापटीत शिवाजी महाराज मरण पावले. वय वीस. संपादक सुटून अवघे चौदा महिने झाले होते.

पत्रं खोटी होती, त्याची शिक्षा झाली आणि ती भोगून झाली. पण महाराजांचं काय चाललंय, या प्रश्नाची सुनावणी कुठल्याच कोर्टात झाली नाही. सगळा खटला कागद अस्सल की बनावट यावर फिरला, आणि तो राजा ज्यांच्या ताब्यात होता त्यांच्याच ताब्यात राहिला. मार्च १८८४ मध्ये कागलहून नऊ वर्षांच्या यशवंतरावांना दत्तक घेतलं, तेच राजर्षी शाहू महाराज. पुढचा इतिहास उजळ असल्यानं आधीचा अंधार आपण फारसा बघत नाही.

पुढच्या काळात कोल्हापुरातच बातमीपत्रांची मुळं रुजली आणि इथल्याच सत्तेनं त्यांच्यावर हातही उगारला. राजाराम कॉलेजात प्राध्यापक राहिलेले विष्णु गोविंद विजापूरकर 'विश्ववृत्त' मासिक चालवत. १९०८ मध्ये त्यात पं. सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख आला, तो राजद्रोही ठरला, आणि विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच संस्थानच्या शाहू महाराजांनी १९२० मध्ये बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये दिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पेपर कुणाच्या पैशावर उभा आहे, हा प्रश्न तेव्हाही होता.

आता अलीकडं येतो. माहिती अधिकाराचा कायदा ऑक्टोबर २००५ मध्ये लागू झाला आणि कागद मिळवण्याची पद्धतच बदलली. दहा रुपयांचं तिकीट लावलेला अर्ज, पानाला दोन रुपये, आणि सही-शिक्क्याची प्रत हातात. १८८२ मध्ये ज्या गोष्टीनं घात केला, तिच्यावरचा हा उपाय होता: साक्षांकित कागद. कागद खोटा म्हणता येईना, तेव्हा कागद मागणाऱ्या माणसावर रोख वळला. इचलकरंजीत माहिती अधिकारातून भ्रष्टाचाराची प्रकरणं काढणारे दत्ता पाटील यांचा मे २०१० मध्ये खून झाला. त्याच वर्षी जानेवारीत तळेगाव दाभाडेमध्ये माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा झाला होता.

१६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी कोल्हापूरच्या सागरमाळमध्ये कॉ. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून परत येत होते. गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. ते बातमीदार नव्हते, वकील होते, कार्यकर्ते होते, टोलविरोधी आंदोलनात पुढं होते, लिहीत आणि बोलत होते. तरी या यादीत ते येतातच, कारण त्या दिवसानंतर कोल्हापुरात लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी म्हणालं, "जपून लिही."

आणि राजापूर. ६ फेब्रुवारी २०२३ ला पत्रकार शशिकांत वारिशे यांना राजापुरात पेट्रोल पंपाजवळ गाडीनं चिरडलं. बारसूच्या रिफायनरीबद्दल ते सातत्यानं लिहीत होते. ज्या माणसाबद्दल त्यांची बातमी त्याच सकाळी आली होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. आधी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. राज्यभरातले पत्रकार रस्त्यावर आले, तेव्हा खुनाचं कलम वाढलं. वारिशेंना उपचारासाठी घाट चढवून कोल्हापूरला आणलं होतं. दुसऱ्या दिवशी ते इथंच गेले. कोकणातली ती बातमी अशा रीतीनं कोल्हापूरचीही झाली.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केला, देशात पहिला. राष्ट्रपतींची संमती २०१९ मध्ये मिळाली. हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं. चांगला कायदा आहे. पण तो मारहाणीचा आणि तोडफोडीचा विचार करतो. बर्व्यांच्या वाटेनं येणाऱ्या माणसाला तो अडवत नाही. अब्रुनुकसानीचं फौजदारी कलम सर्वोच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये वैध ठरवलं. जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ते ३५६ या क्रमांकानं आलं आहे, दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेसह. खरं आणि लोकहिताचं लिहिलं असेल तर तो अपवाद, असं कायदा म्हणतो. ते सिद्ध होईपर्यंतच्या तारखा मात्र बातमीदारानंच करायच्या.

तालुक्याच्या बातमीदाराकडं या तारखांसाठी काय असतं? बहुतेकांना पगार नसतो. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. दिवाळी अंकाची जाहिरात, वाढदिवसाची पुरवणी, संस्थेच्या वर्धापनदिनाचं अर्धं पान, हे सगळं ज्यांच्याकडून येतं, बातमी बहुतेकदा त्यांच्याचविरुद्ध असते. फोन करून शिवी द्यायचीही गरज पडत नाही. पुरवणीची जाहिरात यंदा आली नाही, एवढा निरोप पुरतो. माझ्या मते जिल्ह्यात सर्वांत जास्त बातम्या याच निरोपानं मेल्या आहेत, आणि त्यांची नोंद कुठल्याही पोलीस ठाण्यात सापडणार नाही.

माझ्या वाट्याला आलेली पहिली नोटीस उसाच्या काटामारीच्या, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवण्याच्या, बातमीवर आली. कारखान्याचं नाव घेत नाही. एका शेतकऱ्यानं माझ्यापुढं दोन पावत्या ठेवल्या होत्या, एक बाहेरच्या वजनकाट्याची, एक कारखान्याच्या काट्याची. एकच ट्रॅक्टर, एकच दिवस, दोन तासांचं अंतर, आणि वजनात फरक. पावत्या घडीवर मळल्या होत्या, एकीवर चहाचा डाग होता. त्यानं त्या माझ्या हातात दिल्या, पण दुसरं टोक सोडलं नाही. म्हणाला, "माझं नाव घालू नगासा सायेब. फुडल्या हंगामाला तोड मिळायची न्हाई."

नाव घातलं नाही. बाहेरच्या काट्यावर जाऊन त्यांच्या वहीतली नोंद बघितली, तारीख आणि वेळ जुळवली, कारखान्याची बाजू मागितली. बर्वे प्रकरण वाचल्यापासून एवढं मी शिकलो होतो की हातात आलेला कागद हा कुणीतरी दिलेला असतो, आणि तो खरा आहे हे आपण सिद्ध करायचं असतं. बातमी लागली. आठवड्यात रजिस्टर पोस्टानं वकिलाची नोटीस आली, सात दिवसांत बिनशर्त माफी छापा नाहीतर फौजदारी आणि दिवाणी दोन्ही. संपादकांनी एकच विचारलं, "कागद पक्के आहेत ना?" आम्ही उत्तर पाठवलं. त्यानंतर तिकडून काही आलं नाही. फिर्याद झाली असती तर वर दाद मागायला तेव्हा मुंबई गाठावी लागली असती. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोर बसतं, कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांसाठी. त्यात रत्नागिरी, म्हणजे राजापूरही आलं. एसटीच्या एका तिकिटात वकिलाला भेटून संध्याकाळी घरी येता येतं, हा फरक ज्यानं तारखा केल्यात त्यालाच कळेल.

नोटिशीत मी निभावलो. चूक दुसरीकडं झाली होती. बातमीसोबत पावतीचा फोटो छापला होता. शेतकऱ्याचं नाव आम्ही झाकलं, पण ट्रॅक्टरचा नंबर झाकायचा राहिला. माझ्या ते लक्षात आलं अंक हातात पडल्यावर, आणि ज्यांना शोधायचं होतं त्यांच्याही तेव्हाच आलं असणार.

१८८२ मध्ये पत्रं देणाऱ्यानं संपादकांना गोत्यात आणलं होतं. इथं देणारा खरा होता आणि गोत्यात त्याला मी आणलं. प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात बातमीचा स्रोत सांगण्याची सक्ती पत्रकारावर करता येत नाही असं कलम आहे, पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. गावात कौन्सिल नसते. गावात तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय असतो, तोडणीची यादी असते, आणि यादीत नाव वर-खाली करणारा हात असतो.

त्या हंगामात त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या शेतांतला ऊस जानेवारीत गेला. त्याच्या फडात तोडणीची टोळी आली मार्चच्या शेवटी, उसाला तुरा येऊन, आतून पोकळ पडल्यावर. मी बांधावर गेलो तेव्हा तो मोळ्या मोजत होता. त्यानं मला काही बोल लावला नाही. एक कांडं मोडून माझ्या हातात दिलं. वजनाला ते काहीच नव्हतं.