लेडीज सायकल (खानदेशातील निवड व वापर)

सांगाड्याची वरची आडवी दांडी काढून तिच्याऐवजी खाली उतरत्या एक किंवा दोन नळ्या बसवलेली, ताठ बसून चालवायची सायकल. हिच्यावर बसताना पाय मागून फिरवावा लागत नाही. तो समोरून सहज ओलांडता येतो. ‘लेडीज’ हे नाव बाजारात पक्के झाले असले तरी ते अपुरे आहे. कॅरियरवर ओझे बांधले की टांग मारता येत नाही. त्यामुळे भाजीविक्रेते, दुधाच्या केटल्या नेणारे, गुडघे धरलेले वयस्क आणि धोतर नेसणारे यांनाही दांडीच्या सायकलीपेक्षा हीच सोयीची.

उगम : या सांगाड्याचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल एकमत नाही. लंडनच्या डेनिस जॉन्सनने 1819 मध्ये पायाने ढकलत चालवायच्या दुचाकीचा, खाली वाकवलेल्या मधल्या भागाचा एक प्रकार स्त्रियांसाठी केला होता. काही अभ्यासक त्यालाच आद्य नमुना मानतात. मात्र त्या वाहनाला पायडल नव्हते आणि पुढच्या सुमारे सहा दशकांत त्याची परंपरा सलग चाललेली दिसत नाही. जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ (1885) आल्यावर सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला साखळी ही रचना स्थिरावली. मग दांडी खाली उतरवण्याची कल्पना थोड्या अंतराने एकाहून अधिक ठिकाणी अमलात आली असावी. इंग्लंडमध्ये डॅन अल्बोनची सायकल (सु. 1887), वॉशिंग्टनमध्ये ‘डार्ट’ ही सायकल (सु. 1888) आणि ‘स्टार्ली ब्रदर्स’ या कारखान्याची स्त्रियांसाठीची सायकल (सु. 1889) ही त्याची उदाहरणे होत. एकाच जनकापेक्षा हे समांतर घडणे अधिक संभवनीय वाटते. डनलॉपचा हवेचा टायर 1888 चा. तो आल्यावर या सायकलीचा प्रसार वेगाने झाला. भारतात मद्रासची टीआय (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, 1949), सोनीपतची ॲटलस (1951) व लुधियानाची हीरो (1956) या कारखान्यांनंतर ती सर्वत्र पोचली. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात. त्यात खानदेशातील तालुकेही आहेत.

सांगाडा : दांडीच्या सायकलीचा सांगाडा म्हणजे दोन बंद त्रिकोण. दांडी काढली की पुढचा त्रिकोण उघडतो, आणि हँडल व सीट यांच्यामध्ये सांगाडा पिळवटू लागतो. ही उणीव भरून काढण्यासाठी उतरती नळी जाड घेतात किंवा दोन नळ्या समांतर बसवतात. जिथे वरची उतरती नळी सीटच्या नळीला मधोमध भिडते, तिथे वाकण्याचा ताण एकवटतो. जुनी सायकल घेताना हा सांधा फडक्याने पुसून उजेडात पाहावा. रंगावर नळीला वेढा घालणारी केसाएवढी तांबूस रेघ दिसली, तर ती बहुधा चीर असते आणि तीतून गंज वर आलेला असतो. अशी सायकल घेऊ नये. वेल्डिंग करून वेळ मारून नेता येते. पण पुढची चीर बहुतेकदा त्या वेल्डिंगच्या कडेलाच पडते.

ओझे मागच्या आसाच्या फार मागे गेले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल थरथरते. दोन केटल्या असतील तर त्या दोन्ही बाजूंना, खाली आणि आसाजवळ टांगाव्यात.

माप : दुकानात ‘26 ची’ म्हटले की ते चाकाचे माप असते; सांगाड्याचे माप (18, 20 इंच) वेगळे, आणि खरी गफलत इथेच होते. सीटची उंची ठरवताना अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, जांघेत वही घट्ट धरावी आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते 72 सेंमी आले तर 0.883 ने गुणून सुमारे 63.5 सेंमी मिळतात. पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढे अंतर ही वरची मर्यादा. नवशिक्यांनी आणि गर्दीत चालवणाऱ्यांनी 2-3 सेंमी खाली ठेवावे. ‘दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत’ या हट्टाने सीट फार खाली घेतली जाते आणि महिन्याभरात गुडघे दुखू लागतात. वाढत्या मुलीसाठी सीटच्या खांबावरील किमान खोलीची खूण न ओलांडता 6-7 सेंमी वर सरकेल एवढी जागा शिल्लक असावी. ताठ बसल्यावर बहुतेक भार सीटवर येतो, म्हणून ती रुंद व स्प्रिंगची हवी.

चाके व टायर : 26×1 3⁄8 आणि 26×1.75 ही दोन्ही ‘26 ची’च, पण रिमचा व्यास अनुक्रमे 590 व 559 मिमी असल्याने एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. डांबरी रस्त्याला पहिला हलका पडतो. शेतरस्ता रोजचा असेल तर दुसरा घ्यावा. पंक्चरचे मुख्य कारण सराटे आणि बाभळीचे काटे. काटा उपटला तरी त्याचे टोक टायरमध्ये मोडून राहते. पॅच लावण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून ते शोधावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर ठरलेलेच.

उन्हाळ्यात हवा : जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवण्याची पद्धत आहे. हिशेब तिच्या बाजूने नाही. 25 अंशांना भरलेली 50 पौंड हवा टायर 65 अंशांपर्यंत तापला तरी साधारण 59 पौंडांपर्यंतच चढते, आणि चांगला टायर तेवढी सहन करतो. उन्हात उभी सायकल ‘फुटते’ तेव्हा बहुधा जुन्या पॅचचे सोल्यूशन सुटलेले असते किंवा टायरची कड झिजून ट्यूब बाहेर आलेली असते. कमी हवेत मात्र खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेच्या आत, सकाळी हवा भरावी. व्हॉल्व्हची रबरी नळी उन्हाने चिकट होते; ती मेअखेर बदलून टाकावी.

पावसाळ्यात काळी माती मडगार्ड व टायर यांच्यामध्ये थापली जाऊन चाक जाम होते. दोहोंमध्ये दीड सेंमी फट हवी. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक फार उशिरा लागतो; ॲल्युमिनियमची रिम या बाबतीत निश्चित सरस.

गियर : खानदेशात सातपुड्याचा पायथा सोडला तर चढ थोडे, खरा अडथळा पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा. तापीचे खोरे पश्चिमेला उघडे आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्यावर. 44 दात्यांच्या चेनव्हीलला (पायडलजवळच्या दातेरी चाकाला) 18 दात्यांचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे दातेरी चाक) असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे 5.1 मीटर अंतर कापले जाते. 22 दात्यांचे लावल्यास 4.2 मीटर. समोरच्या वाऱ्यात दप्तर घेऊन 5 किमी जाणाऱ्या मुलीला हा फरक पायांत जाणवतो, आणि खर्च फक्त फ्रीव्हीलचा. चेन मात्र त्यासोबत लांब करावी लागते. बहुगियरची सायकल धूळ-चिखलात वारंवार साफ करावी लागते. रोजच्या सपाट वापराला ती घेण्याचे कारण दिसत नाही.

चेनकव्हर पूर्ण बंद असावे आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी साडीगार्डची जाळी असावी. मागून वारा असला की ओढणी नेमकी त्याच चाकाकडे उडते. चेन मध्यभागी वरखाली 10 ते 15 मिमी हलावी. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ असा आवाज आला तर कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) आसाला घट्ट धरणारी खीळ, सैल आहे. नुसता नट आवळून ती बसत नाही. क्रँकखाली लोखंडी आधार देऊन पिन ठोकावी आणि मगच नट आवळावा.