मराठी साहित्यातलं कोल्हापूर

मराठी कथा-कादंबरीत शहर म्हटलं की मुंबई नाहीतर पुणं, बाकीची शहरं आली तर आली. त्यात कोल्हापूरचं प्रकरण वेगळंच, कारण लिहिणारे इथं लै झाले पण बहुतेकांनी लिहिलं ते दुसरीकडचं. वि. स. खांडेकर शिरोडा सोडून इथं आले, इथलेच झाले, आणि १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं त्या 'ययाति'त गाव कुठलं तर हस्तिनापूर. आजऱ्याचे शिवाजी सावंत इथं हायस्कूलात मास्तर होते, त्यांचं 'मृत्युंजय' (१९६७) कर्णाचं. कोवाडच्या रणजित देसाईंनी 'स्वामी' लिहिली ती पेशव्यांची, म्हणजे परत पुणंच! रंकाळा राहिला बाजूला.

मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांवर मारतात तो 'राजधानीबाहेरचं शहर' हा शिक्कासुद्धा कोल्हापूरला नीट बसत नाही, १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ही स्वतःच राजधानी होती आणि पेठेतल्या माणसाच्या बोलण्यातनं ते अजून गेलेलं नाही.

शहराभोवतीचा मुलूख मात्र पुस्तकांत भरपूर. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, कागलचे आनंद यादव ('झोंबी'ला १९९० चा साहित्य अकादमी), गडहिंग्लजकडचे राजन गवस. या ग्रामीण लिखाणाच्या अंगानं बघितलं तर कोल्हापूर म्हणजे कामाला जायचं ठिकाण: कोर्टाची तारीख, शाहूपुरीत गुळाची अडत, पोराचं कॉलेज, खासबागेत कुस्ती, अंबाबाईचं दर्शन आणि शेवटची यष्टी धरून घरी. रात्री मुक्काम पडतो तोही पाव्हण्याकडं. त्यामुळं पेठा, तालमी, तालमींच्या संघांचं फुटबॉल, गंगावेशीत म्हशी उभ्या करून ग्लासात काढून देतात ते धारोष्ण दूध, असलं अस्सल शहरी जगणं त्यामानानं कमीच उतरलंय. सिनेमाचंही तेच, प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथं निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, नाव झालं पुण्याचं.

भाषेत तर खरी गंमत आहे. सिनेमा-नाटकातला कोल्हापुरी म्हणजे 'नाद खुळा' म्हणणारा रांगडा गडी, वर तांबडा-पांढरा रस्सा, झालं. पण इथल्या बायका-पोरी सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, आज्जीपासून नातीपर्यंत, आणि छापताना त्याचं 'आले', 'जाते' करून टाकतात, का तर वाचणाऱ्याला मुद्रणदोष वाटेल.