कोकणातील गावपातळीवरील आरोग्यसेवा

पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात माणसाला आजारी पडण्याआधी आणि पडल्यावर घराजवळ मिळणारी सरकारी व लोकांनी उभी केलेली मदत. आशा, अंगणवाडी, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, रुग्णवाहिका, उपचारखर्चाची योजना आणि गावची व मुंबईची मंडळे हे सारे तिच्यात येते. यांतल्या बहुतेक सोयी कोकणात आहेत. अडते ते कोणाकडे जायचे हे वेळेवर न कळल्यामुळे.

याचे मूळ वस्तीच्या ठेवणीत आहे. घाटावरच्या गावासारखे कोकणातले गाव एका जागी बसलेले नसते. भंडारवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी, खालची वाडी, वरचा कोंड असे ते डोंगरउतारावर पसरलेले असते आणि मध्ये पऱ्ये, वहाळ असे ओढे आणि त्यांवरचे साकव असतात. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा सरकारी निकष आहे. तो पूर्ण झाला तरी एखाद्या धनगरवाड्यातून रस्त्यापर्यंत रुग्णाला डोलीतून आणावे लागते. म्हणून येथे इमारतीपेक्षा वाडीत फिरणारे माणूस जास्त मोलाचे ठरते.

ते माणूस म्हणजे आशाताई. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा नेमली जाते. ती त्याच गावची, बहुधा गावात सून म्हणून आलेली असते. कोणत्या घरात पोटुशी बाई आहे, कोणाचे टीबीचे औषध चालू आहे, कोणत्या म्हातारीचे बीपी वाढलेले असते, हे तिला ठाऊक असते. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी बाळाचे ४२ दिवस होईपर्यंत ती ६ वेळा घरी येऊन त्याला पाहते. इतके करूनही तिला नियमित पगार नाही, मोबदला बराचसा कामागणिक मिळतो. ही तिच्यावर अन्यायाची गोष्ट आहे. गावात नव्याने राहायला आलेल्याने, किंवा आईवडिलांना गावी ठेवून मुंबईला राहणाऱ्या मुलाने, आधी वाडीच्या आशाचा फोन नंबर घ्यावा. तो अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत मिळतो. अंगणवाडी हे दुसरे दार. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. मुलांचे वजन, लसीकरण, गरोदर व स्तनदा मातांचा आहार ही कामे तेथे होतात.

उपकेंद्रात आरोग्यसेविका असते. लोक तिला नर्सबाई किंवा सिस्टर म्हणतात. गेल्या काही वर्षांत अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही आले. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब व साखर, तसेच तोंडाचा, स्तनांचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी तेथे व्हावी अशी व्यवस्था आहे. मिश्री आणि तंबाखू घराघरात असलेल्या या पट्ट्यात तोंडाची तपासणी विशेष महत्त्वाची. पण दुखत नाही तोवर दाखवायला कोणी जात नाही. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तरी कित्येक म्हातारी माणसे मुलाने मुंबईहून पाठवलेल्या पार्सलची वाट पाहत डोस चुकवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. केसपेपरचेही पैसे द्यावे लागत नाहीत.

कोकणाचे काही आजार ऋतूला आणि शेतीला बांधलेले आहेत. भातलावणीत चिखलात तासन्‌तास उभे राहणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापाचा धोका असतो. उंदीर व गुरांच्या मुतातले जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. जोखमीच्या भागात आरोग्य कर्मचारी प्रतिबंधक गोळ्या देतात आणि ताप आला की अंगावर न काढता रक्त तपासायला सांगतात. काजूच्या हंगामात सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला माकडतापाची भीती असते. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. तो गोचिडीमुळे होतो, म्हणून बागेत जाण्याआधी अंगाला लावायचे डीएमपी तेल वाटले जाते, आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे असते. फुरसे हा जांभ्या दगडाच्या सड्यांवरचा नेहमीचा विषारी साप. दंश झालेला हातपाय करकचून बांधू नये, जखम कापू नये. दंश झालेला भाग न हलवता थेट दवाखाना गाठावा, सर्पविषावरची लस प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवलेली असते. लाल विंचवाचा दंश तर येथे मुलांचा जीव घेत असे. महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत नव्हे, तालुक्यातल्या रुग्णांच्या उशाशी बसून हे ज्ञान मिळाले, याचा कोकणाला अभिमान वाटावा.

तातडीच्या वेळी १०८ ला फोन करावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्हे मूल यांच्यासाठी १०२. फोनवर वाडीचे नाव पुरत नाही, कारण एकाच नावाच्या वाड्या गावोगाव असतात; गाव, तालुका आणि गाडी जेथपर्यंत येईल ते ठिकाण सांगावे. पुढचा टप्पा ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय. चिपळूणचे कामथे आणि खेडचे कळंबणी ही त्यांतली परिचित नावे. मानसिक आजारासाठी रत्नागिरीत जुने प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर फोनवर मोफत समुपदेशन मिळते. दक्षिण सिंधुदुर्गातील लोक गंभीर आजारात पिढ्यान्‌पिढ्या गोव्यातील बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जात आले. गोव्याने २०१८ मध्ये राज्याबाहेरील रुग्णांना शुल्क लावल्यावर दोडामार्गात आंदोलन उभे राहिले. जवळ चांगले रुग्णालय असण्याची गरज त्यातून ठळक झाली.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २०१२ मध्ये ती ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत रायगड होता. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार तीत होतात. योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे तेथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, गाठावे. रेशनकार्ड मुंबईचे असले तरी चालते. ते गावी नाही म्हणून पुष्कळ घरे विनाकारण पैसे भरतात.

सरकारी यंत्रणेच्या बाजूने लोकांची यंत्रणाही आहे. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची मंडळे गणपती-शिमग्याला गावी येतात तेव्हा रक्तदान आणि नेत्रतपासणीची शिबिरे भरवतात, काही मंडळांनी रुग्णवाहिकाही घेतल्या. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असायला हवी, आणि तिच्या अबंधित निधीचा, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायच्या पैशांचा, हिशेब ग्रामसभेत कोणालाही विचारता येतो. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली. तो तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आणि २००७ मध्ये आरोग्यसेवेवरील लोकाधारित देखरेख राज्यात जे पाच जिल्हे निवडून सुरू झाली, त्यांत ठाणे होता. तेथील जनसुनवाईत आदिवासी बायकांनी डॉक्टर कधी हजर नव्हते, कोणते औषध बाहेरून आणायला सांगितले, हे अधिकाऱ्यांसमोर उभे राहून विचारले.

या साखळीतून सर्वांत जास्त सुटतात ती बाहेरून आलेली कुटुंबे : आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी, बोटींवरचे खलाशी, वीटभट्टीवर गेलेले कातकरी. त्यांच्या मुलांना लस देताना गावचा रहिवासी असल्याचा दाखला लागत नाही. बागमालकाने किंवा बोटीच्या तांडेलाने अशा मुलांची माहिती आशाताईला दिली, तरी पुढच्या लसीकरण सत्रात त्या मुलांची नोंद होते.