एक नाव, दोन घराणी

मराठीत ‘ते नाव’ आहे आणि ‘ती नाव’ही आहे. एक माणसाला ठेवतात, दुसरी पाण्यात सोडतात. उच्चार तोच, लिहिणंही तेच, फरक फक्त लिंगाचा. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी छापलेलं एखादं मराठी पुस्तक उघडलं, तर हे दोन शब्द तिथे वेगळे दिसतात. माणसाचं ते ‘नांव’, डोक्यावर टिंब घेतलेलं. पाण्यातली ती ‘नाव’, टिंबाशिवाय. पुढे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात न राहिलेले अनुस्वार काढून टाकले आणि दोघांचा चेहरा एक झाला.

ते टिंब शोभेचं नव्हतं. ती एका हरवलेल्या ‘म’ची खूण होती. संस्कृत ‘नाम’मधला दोन स्वरांच्या बेचक्यात सापडलेला ‘म’ लोकांच्या तोंडी झिजत गेला, आधी नाकातून म्हटलेला ‘व’ झाला आणि मग नुसता ‘व’ उरला. ‘ग्राम’चं ‘गांव’ आणि मग ‘गाव’ झालं ते याच वाटेने. होडीच्या ‘नावे’त मात्र ‘म’ कधीच नव्हता. तिचं मूळ संस्कृत ‘नौ’. दोन वेगळे शब्द वेगवेगळ्या दिशांनी चालत आले आणि एका रूपावर येऊन थांबले. दोघांचे दूरचे नातेवाईक इंग्रजीतही आहेत: ‘नाम’चा ‘नेम’, आणि ‘नौ’च्या लॅटिन भावंडापासून, ‘नाविस’पासून, आलेला ‘नेव्ही’. इंग्रजीत त्यांची कधी टक्कर झाली नाही, मराठीत झाली.

‘काम’ हा शब्दही असाच, पण त्याची गोष्ट मला जास्त आवडते. कष्टाचं काम आलं ‘कर्म’पासून. ‘कर्म’चं प्राकृतात ‘कम्म’ झालं, मग जोड सुटला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला: ‘काम’. ‘हस्त, हत्थ, हात’, ‘सप्त, सत्त, सात’, ‘कर्ण, कण्ण, कान’ ही सगळी त्याच साच्यातली. षड्रिपूंमधला ‘काम’ मात्र इच्छेचा, वासनेचा. तो पिढ्यानपिढ्या तोंडातोंडी आला असता, तर ‘नाम’ला लागलेल्या नियमाने त्याचाही ‘म’ झिजला असता आणि आपण आज ‘काव’ म्हणत असतो. त्याचा ‘म’ शाबूत आहे, याचा अर्थ तो संस्कृतातून जसाच्या तसा पुन्हा उचलला गेला. कष्टाच्या ‘काम’चा ‘म’ टिकला तो वेगळ्या कारणाने: तो मधल्या काळात दुहेरी होता, म्हणून झिजला नाही. एकाच अक्षराच्या टिकण्यामागे दोन निरनिराळे इतिहास आहेत, आणि दोन्ही उलगडून दाखवता येतात.

आता तीन घराण्यांचा शब्द घेऊ. ‘बस, आता बसमध्ये बस’, एवढ्या वाक्यात तो तीनदा येतो. शेवटचं ‘बस’ घरचं. संस्कृत ‘उपविश्’पासून प्राकृत ‘बइस’, त्याचं जुन्या मराठीतलं ‘बैस’ आणि आजचं ‘बस’. पहिलं, ‘पुरे’ या अर्थाचं, फारसीतून आलं. त्याचं जुनं रूप इराणच्या सम्राट दारियसच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात ‘वसिय’ असं आहे, अर्थ ‘मनाजोगतं, भरपूर’. संस्कृतातलं इच्छावाचक ‘वश’ त्याच्याच कुळातलं. मधली ‘बस’ इंग्रजीतून आली आणि तिची कुळकथा फारच विलक्षण आहे. १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात भाडं देणाऱ्या कुणालाही चढता येईल अशी घोडागाडी सुरू झाली. तिला नाव मिळालं ‘ओम्निबस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. १८२९ मध्ये ती लंडनच्या रस्त्यावर आली आणि पुढे लोकांनी तिची नुसती शेपटी ठेवली: ‘बस’. ही शेपटी मुळात शब्दच नव्हे, तो चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. शाळेत ‘रामाय, रामाभ्याम्, रामेभ्यः’ घोकलेल्यांना सांगायला हवं की त्या ‘भ्यः’चं आणि या ‘बस’चं गोत्र एकच आहे. आपण रोज एका विभक्ती-प्रत्ययात चढतो-उतरतो.

एका भाषेत रूपं अशी आदळतात, तर सगळ्या भाषा मिळून किती आदळत असतील? साधा हिशोब करून पाहू. वीस व्यंजनं आणि पाच स्वर धरले, तर ‘व्यंजन-स्वर-व्यंजन’ या घडणीचे फक्त दोन हजार साचे होतात. समजा, प्रत्येक भाषेने एक हजार अर्थांसाठी या दोन हजारांतून आंधळेपणाने साचे उचलले. मग कुठल्याही दोन भाषांमध्ये एखाद्या अर्थाला अगदी तोच साचा मिळण्याची शक्यता दोन हजारांत एक, आणि हजार अर्थ मिळून सरासरी अर्धी जुळणी. अर्धी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण जगात सुमारे सात हजार भाषा आहेत, म्हणजे भाषांच्या जवळजवळ अडीच कोटी जोड्या. निव्वळ योगायोगाने एक कोटीहून जास्त जुळण्या निघतील. खऱ्या भाषा इतक्या आंधळ्या नसतात आणि शब्दही एकाच मापाचे नसतात, पण योगायोग ही दुर्मीळ गोष्ट नाही एवढं यावरून नक्की कळतं.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. १९६० च्या दशकात आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ उत्तर क्वीन्सलंडमध्ये म्बाबाराम ही विझत चाललेली भाषा नोंदवत होते. कुत्र्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर आलं: ‘डॉग’. इंग्रजांकडून घेतलेला शब्द असावा, असंच कुणालाही वाटेल. पण शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्र्याला ‘गुदागा’ म्हणतात. म्बाबाराममध्ये शब्दांची सुरुवात गळून पडली होती, आणि जाताना सुरुवातीच्या ‘ग’ने पुढच्या ‘आ’चा ‘ओ’ करून ठेवला होता. शेवटचा स्वरही गेला. ‘गुदागा’चं नियमाने जे उरलं, ते इंग्रजी शब्दासारखं निघालं. इंग्रजीशी त्याचा काहीही संबंध नाही.

इंग्रजीत कुत्र्यासाठी जुना, सर्रास चालणारा शब्द होता ‘हाउंड’. हा ‘हाउंड’ आणि संस्कृत ‘श्वान’ मात्र खरोखर एका रक्ताचे आहेत. ऐकायला दोघांत काय सारखं आहे? जवळजवळ काही नाही. पण शेजारी ‘शत’ आणि ‘हंड्रेड’ ठेवा, ‘शृंग’ आणि ‘हॉर्न’ ठेवा. जिथे संस्कृतात ‘श’, तिथे इंग्रजीत ‘ह’. एकदा दिसलं तर योगायोग म्हणता येईल, ओळीने दिसायला लागलं की मागे नियम असतो. अशाच नियमित फरकांची मांडणी जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये केली आणि भाषांची नाती शोधण्याला शास्त्राचं रूप आलं. मला या विषयात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच: नात्याचा पुरावा सारखेपणात नाही, फरकाच्या शिस्तीत आहे. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन भाषांत एखादा शब्द अगदी हुबेहूब निघाला, तर आनंदण्याऐवजी आधी शंका घ्यावी. तो बहुधा उसना असतो, नाहीतर योगायोग.

फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ ही अशीच फसवी जोडी. अर्थ एक, आवाज एक. पण फारसीत शब्दारंभीचा ‘ब’ बऱ्याचदा जुन्या ‘व’पासून आलेला असतो: संस्कृत ‘वात’ (वारा) तिथे ‘बाद’ आहे, ‘विंशति’ तिथे ‘बीस्त’ आहे, आणि ‘बद’ही आधी ‘वद’ होता. इंग्रजी ‘बॅड’चा ‘ब’ ‘व’पासून आलेला नाही. म्हणजे जितकं मागे जावं तितके हे शब्द एकमेकांपासून दूर जातात. सख्ख्यांचं उलट असतं, ते मागे जाताना जवळ येतात. ‘बेहतर’ आणि ‘बेटर’ यांचीही तीच गत. ‘बेहतर’मधला ‘बेह’ संस्कृत ‘वसु’च्या (चांगला) कुळातला आहे. गंमत म्हणजे ‘बदनाम’मधलं ‘नाम’ मात्र इंग्रजी ‘नेम’चं खरंखुरं चुलत भावंड.

काही जुळण्या ना नात्याच्या असतात, ना निव्वळ योगायोगाच्या. ‘मामा’, ‘पापा’, ‘बाबा’ जगभर आढळतात, कारण बाळाच्या ओठांना आधी जमतात ते हेच आवाज, आणि समोरचं मोठं माणूस तो आवाज आपल्यालाच उद्देशून आहे असं मानतं. आवाज ठरलेले, कोण ते ठरलेलं नाही. मराठीत ‘मामा’ आईचा भाऊ. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप, आणि आईला म्हणतात ‘देदा’.

याच्या अगदी उलट टोकाला ‘शिक्षा’ आहे. इथे मूळ एकच, रूप एकच, फक्त अर्थ दुरावले. ‘शक्’ म्हणजे समर्थ असणं. त्याचं इच्छादर्शक रूप ‘शिक्ष्’, समर्थ व्हावंसं वाटणं, म्हणून शिकणं. वेदांगांमधली ‘शिक्षा’ म्हणजे उच्चारांचं शास्त्र. हिंदीत आणि बंगालीत ती विद्या म्हणून राहिली. मराठीत शिकवण्यातून शिस्त आणि शिस्तीतून दंड असा अर्थ सरकला, आणि विद्येसाठी आपण ‘शिक्षण’ वेगळं काढलं. आता नकाशावर पाहा. कन्नडमध्ये ‘शिक्षे’, तेलुगू आणि मल्याळममध्ये ‘शिक्षा’, तिन्हीकडे अर्थ दंडच. मराठी कुळाने हिंदीजवळची, पण या शब्दाच्या बाबतीत तिने दक्षिणेच्या शेजाऱ्यांशी सूर जुळवला. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव, ‘कादंबरी’, एका साहित्यप्रकाराला मिळालं तेही मराठी आणि कन्नड या दोन शेजारणींकडे. हिंदी आणि बंगालीने त्यासाठी ‘उपन्यास’ घेतला. तोच ‘उपन्यास’ कन्नडमध्ये व्याख्यान होतो: कॉलेजात शिकवणारा तिथे ‘उपन्यासक’ असतो, आणि हिंदीतला ‘उपन्यासकार’ घरी बसून कादंबरी लिहीत असतो.