कोलॅजेनचं जनुक शाबूत, तरी हाड ठिसूळ

"बाळ पडलं कधी?" परळला हाडांच्या ओपीडीत हा प्रश्न ऐकून रडवेल्या झालेल्या आया मी पाहिल्या आहेत. बाळ पडलेलंच नसतं. दुपटं बदलताना मांडीचं हाड मोडलेलं असतं. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हे या आजाराचं नाव १८४९ मध्ये डच शरीररचनातज्ज्ञ विलेम व्रोलिक यांनी दिलं. कारण कळायला मात्र सव्वाशेहून अधिक वर्षं गेली.

हाडाला चिवटपणा देतं ते कोलॅजेन हे प्रथिन. त्याचा तीनपदरी पीळ मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात डेव्हिड सिलेन्स यांनी आजाराचे चार प्रकार पाडले, आणि १९८०च्या दशकात दोष कोलॅजेनच्याच जनुकांत सापडू लागले. बहुतेक रुग्णांत तो तिथेच असतो. पण काही घरांत ती जनुकं अगदी निर्दोष निघत.

अशाच तीन सौदी कुटुंबांत २०१२ मध्ये नवव्या गुणसूत्रावरच्या टीएमईएम ३८ बी या जनुकातला बिघाड सापडला. त्यापासून बनणारं ट्रिक-बी हे प्रथिन जपानी संशोधकांनी २००७ मध्येच ओळखलं होतं, पण स्नायूंमधल्या कॅल्शियमचा माग काढताना.

पेशीच्या आत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाचं पातळ पडद्यांचं जाळं असतं. कोलॅजेनचे पदर तिथेच वळले जातात, कॅल्शियमचा साठाही तिथेच. गिरणीत सूतकताईच्या खात्यातच वीजघर असावं तसं. धनभारित कॅल्शियम बाहेर सुटलं की आत ऋणभार उरतो. पडद्यात बसलेलं ट्रिक-बी पोटॅशियमला आत वाट देऊन तो भरून काढतं. ते नसेल तर कॅल्शियमचं सुटणं अडखळतं आणि पीळ घालणाऱ्या प्रथिनांचं काम बिघडतं. कोलॅजेन कमी बनतं, बनलेल्यातलं काही आतच अडकून मोडीत निघतं. अमेरिकी संशोधकांनी २०१६ मध्ये हे रुग्णांच्याच पेशींत दाखवलं.

हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. ते स्वतः ठणठणीत असतात. नात्यातल्या नवराबायकोत एकच दोष असण्याची शक्यता जास्त; मामाची मुलगी करायची रीत असलेल्या आपल्या घरांना म्हणूनच हे जनुक माहीत असायला हवं. असं एक बाळ झालेल्या जोडप्याला पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. नेमका दोष आधी ठाऊक असेल, तर अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन तपासता येतो.