भावाचा मित्र, वयातलं अंतर आणि तिचा होकार: या रोमान्समागची पार्श्वभूमी

ऑनलाइन मराठी कथा वाचणाऱ्यांना हा साचा आता पाठ झालाय. ती पंचविशीची, नुकती नोकरीला लागलेली. तो सदतीस-अडतीसचा, तिच्या मोठ्या भावाचा जिवलग मित्र, बरीच वर्षं बाहेरगावी होता आणि आता परत आलाय. भावाचा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास. मग पाऊस, गेलेली लाईट, आणि पुढचे दहा-बारा भाग दोघं एकमेकांना टाळतात आणि टाळता टाळता जवळ येतात, आणि कथा चांगलीच हॉट होत जाते. ‘एज गॅप’ आणि ‘ब्रदर्स बेस्ट फ्रेंड’ असे दोन टॅग एकत्र आले की वाचक मिळणार हे लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

यावर नेहमीचा आक्षेप म्हणजे ही बाहेरून आलेली थेरं आहेत. मला हे अर्धंच पटतं. साचा बाहेरचा आहे खरा, पण त्याच्यात जो ताण आहे तो आपल्या घरांतला आहे आणि जुना आहे. आपल्या पणज्यांना वयाच्या ज्या अंतराने रडवलं तेच अंतर आज त्यांच्या पणत्या आवडीने वाचतायत, आणि याचं कारण मला एकच दिसतं, मधल्या काळात ठरवणारा माणूस बदलला. आधी घर ठरवायचं आणि मुलगी गप्प बसायची, आता या कथांमध्ये मुलगी ठरवते आणि घर अडवतं, आणि त्या अडवणाऱ्या घराचा प्रतिनिधी म्हणजे भाऊ.

आधी इंग्रजी बाजू, कारण टॅग तिकडून आले. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये बऱ्या घरातल्या मुलीला परका पुरुष भेटणार कुठे? बॉलडान्समध्ये, तेही सगळ्यांच्या नजरेखाली, नाहीतर भावाबरोबर घरी आलेला त्याचा मित्र म्हणून. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत हे सगळं आहे. १८१५ च्या शेवटी आलेल्या ‘एमा’मध्ये एमा एकविशीची आणि नाइटली तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा, तिच्या बहिणीच्या नवऱ्याचा भाऊ, म्हणजे रोज घरात येणारा-जाणारा माणूस. आणि १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सी हा बिंग्लीचा जिवलग मित्र आणि बिंग्लीची बहीण कॅरोलाइन त्याच्यामागे लागलेली, म्हणजे आजचा साचा जसाच्या तसा, फक्त तिथे वाचकाला ती बहीणच आवडत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जी बाई स्वतःहून भावाच्या मित्राची इच्छा धरते तिला तेव्हा नायिका करायची पद्धत नव्हती.

पुढे १९०८ मध्ये लंडनला मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था निघाली, १९३० च्या दशकात ती जवळजवळ पूर्णपणे रोमान्सकडे वळली, आणि १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ती विकत घेतली. तिथला नायक डॉक्टर, बॉस, जमीनदार, वयाने आणि पैशाने कायम मोठा, पण बेडरूमचं दार वाचकाच्या तोंडावर बंद व्हायचं. ते दार उघडलं अमेरिकेत, १९७२ मध्ये, कॅथलीन वुडिविसच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ने. पण त्या लाटेतल्या बऱ्याच पुस्तकांत नायक नायिकेवर जबरदस्ती करतो आणि तरी तो नायकच राहतो. हे मला कधीच पचलं नाही, काळ वेगळा होता म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ती. तिचा स्पष्ट होकार हाच प्रसंगाचा सगळ्यात हॉट भाग असू शकतो हे रोमान्सला कळायला पुढची कित्येक वर्षं लागली.

आता आपली बाजू, आणि इथे जरा थांबायला हवं.

मराठीत वयाचं अंतर साहित्यात आलं ते अन्याय म्हणून. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, पैशाच्या लोभाने पोटची मुलगी त्याला द्यायला निघालेला कांचनभट, मध्ये दलाली करणारा भद्रेश्वर, आणि कोवळी शारदा, जिला कोणी विचारतच नाही. त्याच्या आधी आठ वर्षं, १८९१ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा झाला होता, दहाचं वय बारावर नेलं एवढ्यावरून केवढं रान उठलं होतं. मग १९२९ चा शारदा कायदा, मुलीचं लग्नाचं वय चौदा (तो हरबिलास सारडांच्या नावाचा, नाटकाशी संबंध नाही, पण मराठी माणसाला ती दोन नावं जोडल्याशिवाय राहवत नाही), आणि १९७८ मध्ये अठरा. यातले ब्रिटिशांचे कायदे पोर्तुगीज गोव्यात लागू नव्हते, पण नाटक मात्र सीमा ओलांडून आलं. आमच्याकडे गोव्यात देवळाच्या उत्सवात संगीत नाटक म्हणजे जत्रेचाच भाग, गावातलीच माणसं भूमिका करतात, आणि फोंडा-डिचोलीकडच्या आजीला शारदेची पदं तोंडपाठ असणं यात कोणाला नवल वाटत नाही. मांडवात बसून रात्रभर नाटक बघणाऱ्या बायकांमध्ये बिजवराला दिलेल्या किती असतील, आणि त्या पदांना त्यांनी काय म्हणून मान डोलावली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

१९३७ मध्ये प्रभातचा ‘कुंकू’ आला, व्ही. शांतारामांचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते, त्याच्या घरात राहून. शारदेला वाचवायला कोदंड लागला होता, नीरा स्वतः नाही म्हणते. अडतीस वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं. पण तोवर बाईला फक्त ‘नाही’ म्हणायची मुभा मिळाली होती. मोठ्या वयाच्या पुरुषाला, आवडला म्हणून, ‘हो’ म्हणणारी बाई अजून यायची होती.

ती येण्यासाठी आधी प्रेमकथा रुजायला लागली. ना. सी. फडक्यांनी मराठी वाचकाला पोरगी-पोरगा स्वतः जमवतात याची सवय लावली, सुशिक्षित, नीटनेटकी माणसं, कॉलेज, टेनिस, पत्रं. पण शरीराची भाषा तिथे जपूनच. म्हणजे आपल्याकडे ती भाषा नव्हतीच असं नाही, सातवाहन राजा हालाच्या ‘गाथा सप्तशती’त सातशे गाथांमध्ये बायका आपल्या इच्छेबद्दल इतकं मोकळं बोलतात की आजच्या लेखकांनी शिकावं, आणि लावणी तर आहेच. फक्त मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात तिला जागा नव्हती.

तिथे ती शिरली दिवाळी अंकातून. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली आणि अश्लील म्हणून खटला झाला. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं, आणि शेवटी १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की काळाप्रमाणे समाजाची मापं बदलतात, आणि लैंगिक उल्लेख आला की अश्लील असं धरलं तर तरुण पोरांना धार्मिक पुस्तकांशिवाय काही वाचताच येणार नाही. आज मोबाईलवर स्टीमी मराठी कथा लिहिणाऱ्या किती जणींना हा खटला माहीत असेल? माहीत असायला हवा. काकोडकरांना तेव्हा समीक्षकांनी हलकं म्हणून बाजूला ठेवलं, पण लायब्रऱ्यांमध्ये त्यांची पुस्तकं टिकत नव्हती, आणि मराठी बाईने उशीखाली ठेवून वाचायच्या पुस्तकांची परंपरा अशाच लेखकांनी सांभाळली.

गोव्यात हा वाचक तयार व्हायला जरा वेगळं कारण घडलं. पोर्तुगीज काळात मराठी टिकली ती देवळांच्या, खाजगी शाळांच्या आणि नाटकांच्या आधाराने. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती मिळाली, भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि पेडणे, सत्तरी, डिचोलीकडे एक अख्खी पिढी उभी राहिली जिच्यातल्या मुली घरात वाचू शकणाऱ्या पहिल्याच बायका होत्या. घरात बोलणं कोकणी, वाचणं मराठी. त्यांच्या हातात पडलं ते मासिक, दिवाळी अंक आणि लायब्ररीतली कादंबरी.

आणि लग्नाच्या बाबतीतही गोव्याची गोष्ट वेगळी. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली, १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर लग्न हा नागरी करार ठरला, आणि आजही आमच्याकडे भटजीने अक्षता टाकण्याआधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जावं लागतं, एकदा इरादा सांगायला, नंतर परत सही करायला. पहिली सही झाली, दुसरी कधी, असं लोक सहज विचारतात. मुलगी स्वतः तिथे उभी राहते आणि स्वतःच्या हाताने सही करते, आणि करार वेगळा केला नसेल तर नवऱ्याच्या मिळकतीत तिचा अर्धा वाटा असतो. याने घराचा दबाव संपतो असं मी म्हणत नाही, खूप सह्या डोळे पुसून झालेल्या आहेत. तरी तिचा होकार कागदावर हवा ही कल्पना इथे मुरायला शंभर वर्षं मिळाली, आणि ज्या रोमान्सचा सगळा डाव होकारावर उभा आहे त्याला गोव्यासारखी जागा नाही.

भावाचा मित्र आमच्या घरात किती आत येतो हे बघायचं तर चवथीच्या आदल्या दिवशी कुठल्याही घरात जा. माटोळी बांधायची असते. गणपतीच्या वर टांगायची ती लाकडी चौकट, त्याला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, चिबूड, रानातून आणलेली कांगलां, सगळं एकेक करून बांधायचं, आणि हे काम एकट्याचं नाही म्हणून भावाचे दोस्त येतात. कोणी स्टुलावर चढलेला, कोणी खालून दोरी देणारा, आणि बहीण फळं पुसून वर देत असते. पुढचे दिवस तेच दोस्त घुमट हे मातीचं वाद्य घेऊन आरतीला, रात्री उशिरापर्यंत, ओसरीवर. त्याला ‘दादा’ म्हणायचं अशी लहानपणापासूनची शिकवण, आणि म्हणूनच घरच्यांचं लक्ष नसतं. जिथे पहारा असतो तिथे काही घडत नाही, विश्वासाच्या जागीच सगळं घडतं, आणि कथेतला काही चुकीचं करत असल्यासारखा जो थरार आहे तो याच विश्वासातून येतो. मूळ इंग्रजी साच्यात भावाची मैत्री तुटायची भीती असते. आपल्याकडे त्याच्याबरोबर दोन घरांचं येणं-जाणं, आयांची मैत्री, चवथीची आरती सगळंच पणाला लागतं. वजन आपोआप वाढतं.

इंटरनेटवर हे सगळं एकत्र आलं. कथा लिहायची-वाचायची साइट वॉटपॅड २००६ ची, ई-पुस्तकं वाचायचं किंडल २००७ चं, फॅनफिक्शनच्या, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या, साइटवर टॅग लावून कथा शोधायची सवय त्याच सुमाराला पसरली, आणि वाचक लेखकाचं नाव सोडून साच्याच्या नावाने वाचायला लागले. २०१४ मध्ये प्रतिलिपी हे भारतीय भाषांतल्या कथांचं व्यासपीठ आलं आणि मराठीत भागाभागाने लिहायची सोय झाली, संपादक नको, प्रकाशक नको. लिहिणाऱ्यांत बायका भरपूर, नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून रात्री मोबाईलवर टाइप करणाऱ्या. काकोडकरांच्या काळात बाईची इच्छा पुरुषाने लिहिलेली असायची, आता ती स्वतः लिहिते, आणि फरक पानापानात जाणवतो. नायक शर्टाच्या बाह्या दुमडतो यावर अर्धं पान खर्च होतं आणि ते योग्यच आहे.

यात एक धोका आहे आणि तो टाळायचा नाही. भावाचा मित्र म्हणजे तिला लहानपणापासून ओळखणारा. ‘तू शाळेत होतीस तेव्हापासून मला आवडायचीस’ हे वाक्य एखाद्या नायकाच्या तोंडी आलं की माझ्यासाठी ती कथा तिथेच संपते, तो रोमान्स उरत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठराखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिथे होकार हा प्रश्नच येत नाही, आणि कथेनेही ती रेघ कायद्याइतकीच कडक पाळायला हवी. चांगल्या लेखिका ते पाळतात, आणि म्हणूनच या कथांमध्ये नायक कायम दहा-बारा वर्षं लांब असतो. जहाजावर, दुबईत, आर्मीत. आमच्या गोव्यात तर घरटी एखादा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतोच, त्यामुळे इथल्या कथेत तो जहाजावरून परत येतो तेव्हा कोणाला खोटं वाटत नाही. त्या गैरहजेरीचा उपयोग एवढाच की परत आल्यावर त्याने तिला नव्याने बघावं, कमावती, स्वतःचं मत असलेली, त्याला एखाद्या वाक्यात गप्प करणारी. जिथे लेखिका हे नीट बांधते तिथे पुढचे हॉट प्रसंग खरे वाटतात, आणि जिथे बांधत नाही तिथे कितीही स्टीमी लिहा, वाचताना अंगावर काटा येतो आणि तो चांगल्या अर्थाने येत नाही.

भाऊही बदलतोय. आधीच्या कथांत तो मित्राच्या कानाखाली मारायचा आणि बहिणीला खोलीत कोंडायचा, अलीकडे मी वाचलेल्या बऱ्याच कथांत त्याला राग येतो तो आपल्याला अंधारात ठेवल्याचा, आणि बहीण त्याला सरळ सांगते की परवानगी मागायला आले नाही, कळवायला आलेय. अजून एक पाऊल बाकी आहे. वयाचं अंतर तेवढंच, पण मोठी ती, आणि तो तिच्या धाकट्या भावाचा मित्र, दोघंही चांगले जाणते. इंग्रजीत हे भरपूर लिहिलं जातं, मराठीत अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, आणि चाळिशीची मराठी बाई आपल्याला हवं ते मागताना दिसते अशी कथा डिचोलीच्या एखाद्या घरात घडताना मला वाचायची आहे.