हुक्का : विस्तव व धगीचे नियमन

हुक्क्याच्या चिलमीतील गूळमिश्रित ओली तंबाखू आपण होऊन पेटत नाही. वर ठेवलेल्या निखाऱ्याच्या धगीवर ती भाजत राहते आणि झुरक्यासरशी तिचा धूर पाण्यातून नळीत येतो. कोळसा कोणता घ्यावा, तो तंबाखूपासून किती अंतरावर असावा, त्यावर राख किती साचू द्यावी आणि तो केव्हा बदलावा, यासंबंधीच्या रूढ पद्धतींचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. पात्र, नैचा (नळी), मुहनाल (तोंडात धरायचे टोक) या भागांचे वर्णन येथे केलेले नाही.

उगम : हुक्क्याचा उगम आणि त्यातील निखाऱ्याच्या मांडणीचा उगम हे दोन प्रश्न बहुधा एकत्र चर्चिले जातात. ते वेगळे ठेवणे इष्ट. अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फत्ह गिलानी याने धूर पाण्यातून नेण्याची युक्ती काढली, अशी परंपरागत समजूत आहे. हा हकीम १५८९ मध्ये वारला. तंबाखू मात्र अकबरापुढे आली ती त्याचा वकील आसद बेग याने विजापूरहून परतताना आणलेल्या वस्तूंबरोबर, म्हणजे १६०४ च्या सुमारास. पोर्तुगिजांमुळे दख्खनेत तंबाखू त्याआधीच रुळली होती. त्यामुळे हकिमाला ती ठाऊक असणे अगदीच अशक्य नाही. तरी पंधरा वर्षांचे हे अंतर समजुतीला पोषक नाही.

आसद बेगाचा वृत्तांत या विषयाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्याने आणलेली नळी अचीनची (सुमात्रातील आचे), सुमारे तीन हात लांब व दोन्ही टोकांना रत्नजडित होती. मुखाशी यमनी अकीक बसवला होता आणि पेटवण्यासाठी सोन्याचे वेगळे उपकरण होते. आदिलशहाने दिलेल्या पानाच्या बटव्यात त्याने तंबाखू भरली होती. ती इतकी उत्तम होती की एक पान पेटले तर सगळी जळत राहावी, असे तो सांगतो. बारकावा येथेच आहे. एकदा पेटवल्यावर आपोआप जळत राहणाऱ्या कोरड्या पानाला वर निखारा ठेवण्याची गरज नसते. पाण्याचाही उल्लेख या वर्णनात येत नाही. तेव्हा आसद बेगाची नळी हा हुक्क्याचा पुरावा मानण्याऐवजी साध्या, कोरड्या नळीचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

निखाऱ्याचा स्पष्ट उल्लेख एडवर्ड टेरी याच्या प्रवासवर्णनात सापडतो. जहांगीराच्या दरबारातील इंग्रज वकील सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक म्हणून टेरी १६१६ ते १६१९ या काळात मोगल मुलखात, मुख्यतः मांडू व अहमदाबाद येथे होता. त्याचे पुस्तक १६५५ मध्ये प्रसिद्ध झाले. अरुंद गळ्याचे मातीचे भांडे, पोटाशी तोटी, तोटीच्या खालच्या कडेपर्यंत पाणी, वर मोकळी भरलेली तंबाखू आणि तिच्यावर जळता निखारा, असे वर्णन त्याने केले आहे. छपाई बरीच उशिरा झाल्याने काही तपशील मागाहून भरला गेला असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. तरीही पाणी व निखारा एकत्र आल्याचा भारतातील विश्वसनीय आधार म्हणून हकिमाच्या कथेपेक्षा टेरीकडे झुकणे योग्य ठरेल. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली ती याच वर्षांतली. टेरीच्या वर्णनात निखारा आणि तंबाखू यांच्यामध्ये काहीही नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे.

इराणच्या बाजूने कवी अहली शिराझी (मृत्यू १५३५) याच्या नावावर असलेल्या, गल्यानचा (इराणी हुक्क्याचा) उल्लेख करणाऱ्या रुबाईचा दाखला दिला जातो. ती त्याचीच असेल तर इतक्या आधी त्या पात्रात तंबाखू असणे कठीण. ती नंतरची असेल तर पुरावाच निकालात निघतो. इथिओपियातील लालिबेला गुहेत मिळालेल्या चिलमींचा काळ साधारण चौदावे शतक मानला जातो व त्यांत गांजाचे अंश आढळले आहेत. पाण्यातून धूर ओढण्याची कल्पना तंबाखूपूर्व असू शकते, एवढेच त्यावरून म्हणता येते. निखाऱ्याविषयी त्या काहीच सांगत नाहीत.

तवा व सुल्फा : उत्तर हिंदुस्थानात चिलीम भरण्याच्या दोन पद्धती होत्या. तंबाखूवर मातीची किंवा धातूची चकती, म्हणजे तवा, ठेवून तिच्यावर विस्तव घालणे ही एक आणि तव्यावाचून विस्तव थेट तंबाखूवर ठेवणे ही दुसरी. दुसऱ्या पद्धतीने भरलेल्या चिलमीला सुल्फा म्हणत. सुल्फा लगेच धूर देतो आणि लवकर जळून जातो. तवा तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की धग सर्वत्र सारखी पसरते, निखारा विझत आला तरी ती काही काळ टिकते आणि राख तंबाखूत पडत नाही. गूळ किंवा काकवी घातलेला गुडाखू आणि फळे घालून आंबवलेला खमीरा यांना तवाच मानवतो, कारण थेट निखाऱ्याखाली साखर करपते व धूर कडवट होतो. यावरून गोड तंबाखूचा प्रसार आणि तव्याचा प्रसार बरोबरीने झाला असावा, असे अनुमान करता येते. त्याचा काळ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे धरावा; याहून नेमके सांगणे धाडसाचे ठरेल. इराणी गल्यानमध्ये भिजवून पिळलेल्या पानावर निखारा थेटच ठेवत. तेथे पानातला ओलावाच तव्याचे काम करतो.

चिलमीवरचा जाळीदार सरपोश (झाकण) वाऱ्याने विस्तव भडकू देत नाही आणि ठिणग्या गालिच्यावर उडू देत नाही. संग्रहालयांतून त्याच्या चांदीच्या नक्षीचे कौतुक होते, कामाविषयी क्वचितच लिहिलेले आढळते. बिदरी पात्रांवर जितके लेखन झाले त्याच्या एका अंशानेही तव्यावर झालेले नाही, आणि त्याला कारण आहे : मातीचा तवा फुटला की फेकला जाई. श्रीमंतांकडे चिलीम भरणे व विस्तव राखणे हे हुक्काबरदाराचे काम असे.

कोळसा : बंगाल व उत्तर हिंदुस्थानात कोळशाची पूड भाताच्या पेजेत मळून, थापून व उन्हात वाळवून केलेल्या टिकिया वापरत. अशी टिकिया हलक्या ठिणगीवर धरते आणि मंद, एकसारखी जळते. खेड्यांतून गोवरीचा विस्तव चालतो. हरियाणात तो आजही नेहमीचा आहे. तुर्कस्तानात ओकचा, तर अरब देशांत लिंबू-संत्र्याच्या लाकडाचा कोळसा पसंत करतात. अलीकडे जगभर नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे घनाकार तुकडे खपतात. त्यांची बाजू साधारण २५ मिमी. असते आणि इंडोनेशिया हा त्यांचा मोठा पुरवठादार आहे. ते पेटायला विजेच्या शेगडीवर आठ-दहा मिनिटे लागतात. काडी लावताच तडतडत पेटणाऱ्या गोल वड्यांत पोटॅशियम नायट्रेटसारखे प्राणवायू पुरवणारे द्रव्य मिसळलेले असते. ते जळून संपेपर्यंत धुराला उग्र वास येतो, म्हणून वडी पूर्ण करडी होईपर्यंत ती चिलमीवर चढवत नाहीत.

महाराष्ट्रात हुक्क्यापेक्षा गुडगुडी आणि त्याहून अधिक कोरडी चिलीम रूढ होती. चिलमीच्या तळाशी खडा, तोंडाशी ओली छापी (फडक्याचा तुकडा) आणि वर चुलीतला किंवा शेजाऱ्याकडून मागून आणलेला विस्तव, एवढ्यावर काम भागे. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातील जानकीराम सोनाराची गोष्ट याच रिवाजावर उभी आहे. अक्षय्य तृतीयेला विस्तव देणे अशुभ म्हणून त्याने चिलमीसाठी निखारा नाकारला आणि महाराजांची चिलीम विस्तवावाचून पेटली, अशी ती कथा.

उष्णतेची प्रक्रिया : लाकडी कोळसा चांगला धरला की ज्योतीवाचून, पृष्ठभागावर धगधगत जळतो. झुरक्यासरशी त्याच्यावरून हवा ओढली जाते आणि तो लाल होतो. दोन झुरक्यांमध्ये तो निवतो. राखेचा थर हवेला अडवतो व धग कोंडतो, म्हणून चिमट्याने राख झटकली की विस्तव पुन्हा चढतो. कोळशाची बाजू पालटणे, तो कडेला सरकवणे, एक तुकडा काढून घेणे किंवा वर झाकण ठेवणे या साऱ्या क्रिया हवा आणि अंतर या दोनच गोष्टींवर चालतात. धूर घशाला लागू लागला की धग जास्त झाली असे समजून कोळसा उतरवतात आणि नळीतून हलकेच उलटी फुंकर घालून कोंडलेला धूर बाहेर काढतात.

मुअस्सल या पाकवलेल्या तंबाखूत ग्लिसरीनचे प्रमाण मोठे असते व दिसणारा दाट पांढरा धूर बराचसा त्याचाच असतो. प्रयोगशाळेतील मोजणीत कोळशालगतच्या तंबाखूचे तापमान सु. ४५०° से.पर्यंत, तर दूरच्या थराचे ५०° से.च्या आसपास आढळले आहे. एकाच चिलमीत वरची तंबाखू करपलेली आणि खालची जवळजवळ कच्ची राहते ती यामुळे. फळांच्या स्वादाच्या मुअस्सलचा प्रसार १९९० नंतर झाला आणि त्याबरोबर तव्याच्या जागी टोचून भोके पाडलेला ॲल्युमिनियमचा कागद आला. त्याची जागा आता काही ठिकाणी झडपा असलेल्या धातूच्या डब्या घेत आहेत. तत्त्व तव्याचेच आहे.

आरोग्य : पाण्यामुळे धूर थंड होतो, शुद्ध होत नाही. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि हुक्क्यात तो मुख्यतः कोळशातूनच येतो. कोळशाऐवजी विजेची तापक तबकडी वापरून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत धुरातील सु. ९० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगाशी संबंधित बहुवलयी हायड्रोकार्बनांपैकी जड संयुगांचा बहुतांश कोळशाचा असल्याचे दिसले. अशा मोजणीसाठी बैरूतमध्ये ठरवलेल्या प्रमाण पद्धतीत एका बैठकीचे १७१ झुरके, प्रत्येकी सु. अर्धा लिटर धुराचे, मानले आहेत. तंबाखूविरहित ‘हर्बल’ हुक्क्यात निकोटीन नसते, पण निखारा तोच असल्याने ही घातक द्रव्ये टळत नाहीत. जाहिरातींत ही बाब सहसा गाळलेली असते. कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी हिमोग्लोबिनाला चिकटतो. बंद खोलीत हुक्का ओढल्याने डोके दुखून, भोवळ येऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. धगीचे नियमन कितीही कुशल असले तरी त्यामुळे चव सुधारते. धोका नाहीसा होत नाही.

आग व कायदा : मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या उडालेल्या निखाऱ्यांमुळे पडद्यांनी पेट घेतल्याचे संभाव्य कारण देण्यात आले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महानगरपालिकेच्या हुक्काविषयक अटी रद्द ठरवल्या होत्या. या दुर्घटनेनंतर, २०१८ मध्ये, महाराष्ट्राने तंबाखूविषयक केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. तीत एक ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. गुजरातने अशी दुरुस्ती त्याच्या आदल्या वर्षी केली होती.